टेकडी डाव्या हाताला

मास्तरांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं. ते बूट बनवत. ज्यांचे पाय दुकानातल्या मापात बसत नाहीत अशांचे बूट: कुणाचं पाऊल वाकडं, कुणाची साखरेच्या आजाराने बोटं गेलेली, कुणाचा घोटा अपघातानंतर आडवाच बसलेला. इस्पितळाच्या मागच्या गल्लीत त्यांची एका खोलीची कार्यशाळा होती. खिडकीखाली बाक, बाकावर रापी, आरी आणि खळीचं डबडं, भिंतीवर ओळीने टांगलेली कळबुतं, म्हणजे पायाच्या आकाराचे लाकडी ठोकळे. ठोकळ्यावर गिऱ्हाइकाचं नाव नसे, दुखणं लिहिलेलं असे. ‘डावा अंगठा’, ‘उंच टाच’, ‘भांडखोर’. हे शेवटचं दुखणं पायाचं नव्हतं, पण मास्तरांच्या मते त्याचाही बुटावर परिणाम होतो.

त्यांची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाचा डावा पाय आखूड असेल तर मास्तर तेवढ्याच जाडीचा तळवा स्वतःच्या उजव्या बुटाखाली पट्ट्याने बांधत. म्हणजे त्यांचा धडधाकट डावा पाय आपोआप आखूड व्हायचा. मग अख्खा दिवस तसेच वावरत. बाजारात, जिन्यावर, इस्पितळात सामान पोचवायला. शेजाऱ्यांना वाटे, मास्तरांना दर महिन्याला नवा आजार होतो. ज्याचं जळतं त्यालाच कळतं हे खरं, पण मास्तर म्हणत, आपण थोडं जाळून घेतलं तर थोडं कळतं. बायकोने यावर बोलणं फार वर्षांपूर्वी सोडून दिलं होतं. ती एका शाळेच्या कार्यालयात कारकून होती आणि न ऐकणाऱ्यांशी न बोलण्याची तिला सवय होती.

ही पद्धत त्यांनी मुलीसाठी काढली होती. एकुलती एक मुलगी, आणि तिचा डावा पाय जन्मापासून अंगठ्याच्या जाडीएवढा आखूड. पहिलं पाऊल टाकल्यापासून तिने घातलेला प्रत्येक बूट मास्तरांच्या हातचा होता. डाव्या बुटाचा जाड तळवा ते अशा बेताने थरांत लपवत की दुरून दोन्ही बूट सारखे वाटावेत. फक्त दुरून. जवळून पाहणाऱ्याला सगळं दिसायचं, आणि जग काही कुणाकडे दुरून बघत नाही.

मुलगी आता मोठी झाली होती आणि पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होती. तिथली मंडळी वर्षातून एकदा सगळे मिळून कुठेतरी चालायला जात. बेत आखायचं काम आळीपाळीने एकेकाकडे येई आणि ज्याची पाळी त्याला त्या दिवसापुरतं ‘कप्तान’ म्हणत. यंदा पाळी हिची होती. बैठकीत कुणीतरी चांगल्या मनाने सुचवलं की या वेळी तळ्याकाठची सपाट वाट घेऊ, म्हणजे सगळ्यांना जमेल. ‘सगळ्यांना’ हा शब्द आला तेव्हा सगळ्यांनी टेबलाकडे पाहिलं. चांगल्या मनाची माणसं फार वैताग आणतात. वाईट मनाच्या माणसाला निदान उत्तर देता येतं. मुलीने तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं की आपण रानातून जाऊन टेकडीला वळसा घालायचा, वरचा पडका किल्ला बघायचा आणि फिरून त्याच जागी यायचं.

त्या संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरला. एका कोपऱ्यावर मिठाची बरणी ठेवली, दुसऱ्यावर आईचा चष्मा. बेत तसा सरळ होता. बसथांब्यापासून रानातली सपाट वाट. रान संपलं की फाटा. फाट्यापासून टेकडीच्या कमरेभोवती पट्ट्यासारखी फिरणारी पायवाट. टेकडीच्या पाठीमागे पायऱ्या, पायऱ्यांच्या वर किल्ल्याच्या भिंती. पायऱ्या उतरून उरलेला वळसा पुरा करायचा की पुन्हा तोच फाटा. वाटेच्या नावापुढे ‘मध्यम’ असं छापलं होतं. मध्यम हा मोठा लबाड शब्द आहे. सवय असलेल्याला ती वाट सोपी वाटते, आणि सवय नसलेल्याला ती कशी होती हे घरी आल्यावर कळतं.

“आणि मी हे घालणार,” मुलगी म्हणाली. तिने पलंगाखालून एक खोकं आणून उघडलं. दुकानातले बूट. राखाडी, लाल नाड्यांचे, दोन्ही तळवे अगदी सारखे.

मास्तरांनी एक बूट हातात घेऊन उलटा केला आणि तळव्यावर बोटाने ठोकून पाहिलं. “शिलाई नाही. नुसतं चिकटवलंय.”

“असू दे.”

“डाव्याला खाली काय लावू?”

“काहीच नाही.”

मास्तर हसले, मग तिचं तोंड बघून थांबले. “अगं, अर्ध्या वाटेत कंबर धरशील. चारचौघांसमोर खाली बसायची वेळ येईल.”

“आली तर बसेन. पण एकदा तरी मला दोन्ही पायांत सारखं काहीतरी घालून लोकांबरोबर चालायचंय. पूर्ण वळसा. मध्येच बूट न बदलता.”

“माझ्या बुटात काय खोट आहे?”

“काही नाही, बाबा. सगळे तेच म्हणतात. ऑफिसात नवीन माणूस आला की आधी माझ्या बुटांचं कौतुक करतो, मग मला नाव विचारतो.”

मास्तरांना हे लागलं. त्यांनी बूट खोक्यात ठेवला, झाकण लावलं आणि ते पाणी प्यायला उठले, तहान नसताना. आई नकाशावरून आपला चष्मा उचलून घेत म्हणाली, “घालू दे की हो. पाय तिचा आणि हट्ट तुमचा, असं कसं चालेल?”

आपलं म्हणणं सिद्ध करायचा मास्तरांना एकच मार्ग माहीत होता. आठवड्याच्या मध्यावर त्यांनी कार्यशाळा बंद ठेवली, उजव्या बुटाखाली अंगठ्याएवढा जाड तळवा बांधला आणि दारात उभे राहिले. बायकोने वरपासून खालपर्यंत बघितलं. “घोडं मेलं ओझ्याने आणि शिंगरू मेलं हेलपाट्याने. यातलं तुम्ही कोण?”

“मी फक्त रस्ता पाहून येतो,” मास्तर म्हणाले आणि लंगडत जिना उतरले.

रानातल्या सपाट वाटेवरच त्यांची कंबर भरून आली. प्रत्येक पावलाला शरीर डावीकडे कलायचं आणि उजवीकडे ओढून आणावं लागायचं. झाडं उंच होती, खाली पाचोळा होता, कुठेतरी सुतारपक्षी ठोकत होता, आणि मास्तर मनातल्या मनात खूश होते. आपलंच खरं ठरतंय याचं माणसाला बारीकसं सुख असतंच, मग ते स्वतःच्याच कमरेत का दुखेना. फाटा आला. दोन्ही वाटा टेकडीलाच वळसा घालणार होत्या, तेव्हा कुठूनही जा. ते उजवीकडे वळले. टेकडी त्यांच्या डाव्या हाताला आली.

बरंच अंतर चालल्यावर त्यांच्या लक्षात आलं की कंबर दुखत नाहीये. आधी त्यांना वाटलं, पट्टा सुटून तळवा पडला. वाकून पाहिलं तर तळवा जागच्या जागी होता. ती पायवाट कुणी खणून सपाट केलेली नव्हती, माणसांच्या ये-जा करण्याने उतारावर नुसती पडलेली होती. त्यामुळे ती टेकडीच्या बाजूला उंच आणि बाहेरच्या बाजूला उतरती होती. डावं पाऊल उंचावर पडत होतं, उजवं खाली. आखूड पायाला उंच जमीन आणि लांब पायाला खोल, असा हिशेब त्या टेकडीने परस्पर जुळवून टाकला होता. खात्री करायला मास्तरांनी तळवा सोडून हातात घेतला आणि आपल्या सरळ पायांनी चालून पाहिलं, तर ते चक्क लंगडायला लागले.

मास्तर आनंदाने एकटेच मोठ्याने हसले. लेकीला तिचे दुकानातले बूट घालून इथे ताठ चालता येईल, सगळ्यांपेक्षा ताठ. मग हळूहळू हसू ओसरलं. जगात अशी एक जागा होती जिथे तिला त्यांच्या हातच्या बुटाची गरजच नव्हती, ती जागा घरापासून एका बसच्या अंतरावर होती, आणि ती शोधून काढली होती त्यांनीच. त्यांना एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटलं. ते तळवा मांडीवर घेऊन बराच वेळ तिथे बसले.

घरी येऊन त्यांनी वाट काढून दाखवली, पण कागदावर नाही. कागदावर त्यांचा हात चालत नसे. त्यांनी चामड्याचा एक तुकडा घेतला, सवयीप्रमाणे खरखरीत बाजू वर केली आणि खडूने रेघ ओढली: रानाचा दांडा, त्यावर टेकडीचं गोल कडं, कड्याच्या माथ्यावर पायऱ्या. मग कड्यावर एक बाण काढला. “या बाजूनेच फिरा,” ते म्हणाले.

“का? सावली असते का?”

“हं. बरं पडतं.” मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आणि तुझे ते दुकानातलेच घाल.”

मुलीने आईकडे पाहिलं. आईने मास्तरांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं. नव्हता. मुलीने तो बाण जसाच्या तसा आपल्या नकाशावर उतरवला.

ठरलेल्या दिवशी घरच्या माणसांनाही यायची मुभा होती, म्हणून मास्तर गेले. आई गेली नाही. तिला टेकड्या खिडकीतूनच आवडत. जाताना तिने मास्तरांच्या हातात एक पिशवी दिली. आत मुलीचे नेहमीचे बूट होते. “लागले तर,” ती म्हणाली.

बसमधून उतरून मंडळी रानात शिरली. मुलगी पुढे, लाल नाड्या चमकवत, चांगलीच लंगडत. बाकीचे मध्ये मध्ये झाडांची नावं एकमेकांना विचारत होते, म्हणजे तिच्या पायांकडे बघावं लागू नये. मास्तरांनी ठरवून मागे राहायचं पत्करलं होतं. त्यांच्याबरोबर प्रयोगशाळेचे मुख्य साहेब होते. साहेबांनी या दिवसासाठी दोन नव्या काठ्या घेतल्या होत्या आणि त्यांचं काय करायचं हे त्यांना अजून उमगलं नव्हतं. वर त्यांची टाच दुखत होती. बूट बनवणारा आयता तावडीत सापडल्यावर साहेबांनी टाचेचा इतिहास सुरुवातीपासून सांगायला घेतला. टाचेचं लहानपण संपेपर्यंत पुढची मंडळी दिसेनाशी झाली.

रानातून बाहेर पडून मास्तर फाट्यावर आले आणि जागीच थबकले. मंडळी डावीकडे वळली होती. दूर टेकडीच्या अंगावर त्यांची रांग दिसत होती, आणि टेकडी त्यांच्या उजव्या हाताला होती.

क्षणभर त्यांना मुलीचा राग आला. मग आपल्याच हातांनी केलेलं त्यांना आठवलं. चामड्यावर आखायचं ते नेहमी मागच्या बाजूने, कारण पुढच्या बाजूवर उमटलेली खूण जात नाही. आणि मागून आखायचं म्हणजे डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावं करूनच आखायचं, म्हणजे तुकडा उलटला की सगळं जागेवर येतं. इतक्या वर्षांत हात ते विचारल्यावाचून करत आला होता. दांडा आणि कडं उलटं काढलं तरी तसंच दिसतं. उलटा झाला होता फक्त बाण, आणि तो तुकडा उलटून बघायला लेक काही बूट शिवत नव्हती. त्याच बाजूने का फिरायचं हे तोंडाने सांगितलं असतं तर तिने ती चूक तिथेच पकडली असती.

साहेबांना टाचेसकट तिथेच सोडून मास्तर धावले.

मुलगी एका दगडावर हात टेकून उभी होती. आता आखूड पाय उताराच्या बाजूला पडत होता, म्हणजे अंगठ्याएवढं कमी होतं ते दुप्पट झालं होतं. सपाटीवर ती लंगडत होती. इथे ती प्रत्येक पावलाला पडता पडता सावरत आली होती. चेहरा पांढरा पडला होता. बाकीची मंडळी थोडी पुढे थांबून ढगांचे फोटो काढत होती. आकाशात ढग नव्हते.

“चुकलं,” मास्तर धापा टाकत म्हणाले. “माझं चुकलं. उलटी फीर.”

“म्हणजे घरी?”

“घरी नाही गं. वळसा उलटा. टेकडी डाव्या हाताला पाहिजे. मग तुझा डावा पाय उंचावर पडतो. मी चालून पाहिलंय. या बुटांत तू सरळ चालशील.”

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. “हे तुम्हाला त्या दिवसापासून माहीत होतं?”

“हो.”

“मग सावली काय म्हणालात? सरळ सांगता येत नव्हतं?”

मास्तरांनी हातातल्या पिशवीकडे पाहिलं. “मग माझं काय काम उरलं, असं वाटलं,” ते म्हणाले. आणि बोलल्याबोलल्या लाज वाटून त्यांनी पिशवी पुढे केली. “नाहीतर असं कर, हे घाल. दोन मिनिटांचं काम. एवढ्या लोकांना कशाला मागे फिरवायचं?”

मुलीने पिशवी घेतली नाही. आजवर तेच होत आलं होतं. कुणाला त्रास नको म्हणून तिने खेळातून नाव काढून घेतलं होतं, कुणाला थांबावं लागू नये म्हणून ती लवकर निघत आली होती. हे सगळं ती इतकं गुपचूप करी की तिला ते करावं लागतं हे कुणाच्या लक्षातही येत नसे. ती दगडावरचा हात काढून सरळ उभी राहिली, म्हणजे त्या उतारावर जेवढं राहता येईल तेवढी.

“ऐका जरा,” ती ओरडली. ढगांचे फोटो थांबले. “आपल्याला मागे फिरायचंय. वळसा दुसऱ्या बाजूने घालायचाय. माझा डावा पाय आखूड आहे. टेकडी डावीकडे असली तर मला सरळ चालता येतं, आणि मला आज सरळ चालायचंय.”

त्या पायाबद्दल सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण तिच्या तोंडून ते कुणी कधी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात रांगेच्या शेवटाला साहेब काठ्यांचा खडखडाट करत पोचले.

“म्हणजे आता मी सगळ्यात पुढे?” त्यांनी विचारलं.

“हो, सर.”

“मग फिरा की लवकर! असा योग पुन्हा यायचा नाही.”

सगळे हसले आणि फिरले. मुलगीही फिरली. पहिली काही पावलं तिने भीत भीत टाकली, सवयीने डावीकडे झुकत, आणि झुकायची गरजच नाही म्हणून तिचा तोल उलटा जात होता. मग अंगाला ते कळलं. खांदे एका रेषेत आले. हात, जे नेहमी सावरायला बाहेर असत, ते खाली आले आणि चालण्याबरोबर हलायला लागले. ती वेगाने निघाली. पुढच्या माणसांना “जरा बाजू द्या” म्हणत एकेकाला मागे टाकत गेली. सरळ पायांची ती मंडळी उतारावर वाकडी तिकडी चालत होती, घोटे धरत होती, एकमेकांचा आधार घेत होती. साहेबांचा पहिला नंबर फार टिकला नाही.

फाटा गेला, पलीकडचा अर्धा वळसा झाला. पायऱ्या मात्र सपाट होत्या, तिथे ती लंगडली आणि तिने ते लपवलं नाही. वर किल्ला म्हणजे चार भिंती आणि एका खिडकीतून वाढलेलं झाड. सगळ्यांनी डबे उघडले. कुणीतरी तिला “वा, कप्तान!” म्हणालं आणि ती लाजली. मास्तर भिंतीच्या सावलीत बसून खाली दिसणारं रान बघत होते. त्यांच्याजवळ येऊन ती म्हणाली, “मी अजून रागावलेली आहे.” मास्तर म्हणाले, “बरोबर आहे.” तिने आपल्या डब्यातलं अर्धं त्यांना दिलं.

उरलेला वळसा पुरा करून मंडळी पुन्हा फाट्यावर आली. बसला अवकाश होता. थांब्याजवळच्या दुकानात चहा मिळतो हे साहेबांनी आधीच हेरून ठेवलं होतं आणि सगळे रानाकडे वळले. मुलगी तिथेच उभी राहिली.

“तुम्ही व्हा पुढे,” ती म्हणाली. “मी अजून एक वळसा घालून येते.”

“अहो, पुरे!” साहेब म्हणाले. पण ती उजवीकडे वळलीसुद्धा होती.

“थांब, मी येतो,” मास्तर म्हणाले. त्यांनी पिशवी फाट्यावरच्या खांबाला अडकवली आणि तिच्यामागे निघाले.

मास्तरांच्या पायांत आज साधे बूट होते आणि पाय सरळ, म्हणजे त्या वाटेला अगदीच कुचकामी. सकाळपासूनची धावपळ आता घोट्यात उतरली होती. थोड्या वेळाने ते उघडउघड लंगडायला लागले आणि अंतर वाढत गेलं. मुलीने मागे वळून पाहिलं आणि ती थांबली. मास्तर तिच्यापर्यंत पोचले.

“दुखतंय?”

“घोटा. थोडासा.”

“मग बसा. मी थांबते.”

मास्तर एका दगडावर बसले. बूट काढून त्यांनी घोटा चोळला. मुलगी समोर उभी होती, कपाळावर घाम, श्वास जोरात. दुसऱ्यासाठी थांबायचा तिला सराव नव्हता. आजवर लोकच तिच्यासाठी थांबत आले होते. ती पायाने खडे उडवत होती आणि सारखी पुढच्या वळणाकडे बघत होती.

“तू हो पुढे,” मास्तर म्हणाले.

“नक्की?”

“हो, जा.”

ती गेली. ती नको म्हणेल, असं मास्तरांना वाटलं होतं. पण ती लगेच गेली, ताठ, झपाझप, हात हलवत, आणि एकदाही मागे न बघता वळणाआड दिसेनाशी झाली. तिच्या पावलांचा आवाज आणखी थोडा वेळ येत राहिला, मग तोही येईना. बूट हातात धरून मास्तर दगडावर बसून राहिले आणि त्यांना आनंदाने रडू फुटलं.